अटी माफ

भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातलं सहावं कलम परदेशी माणसाला रीतसर भारतीय करून घेण्याविषयी आहे. त्याच्या अटी तिसऱ्या परिशिष्टात दिल्या आहेत. अर्जाच्या आधी सलग बारा महिने भारतात वास्तव्य, त्यामागच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका तरी भाषेचं पुरेसं ज्ञान (मराठी येत असली तरी चालते), पुढेही इथेच राहण्याचा इरादा आणि आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडण्याची तयारी. एवढं सांगून झाल्यावर कायदा एक पुस्ती जोडतो. अर्जदारानं विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा एकूणच मानवी प्रगतीसाठी लक्षणीय सेवा केली आहे असं केंद्र सरकारचं मत झालं, तर यातल्या काही किंवा सगळ्या अटी माफ करता येतात. ‘एकूणच मानवी प्रगती’ म्हटल्यावर सतारवादकापासून शेतीशास्त्रज्ञापर्यंत कुणीही त्यात बसू शकतं. कुणाला बसवायचं ते सरकार ठरवतं, आणि याच कायद्याचं चौदावं कलम सांगतं की अर्ज मंजूर केला काय किंवा फेटाळला काय, कारणं देण्याचं बंधन सरकारवर नाही.

अशी पुस्ती अनेक देशांनी जोडलेली आहे. फ्रान्समध्ये देशाची असामान्य सेवा करणाऱ्याला वास्तव्याची मुदत माफ होते. ऑस्ट्रियात त्यासाठी मंत्रिमंडळाची संमती लागते, स्पेनमध्ये शाही फर्मान निघतं, इटलीत राष्ट्राध्यक्षांचा हुकूम. एस्टोनिया हिशेबी देश. विशेष कामगिरीबद्दल वर्षाला जास्तीत जास्त दहा जणांना नागरिकत्व, असं त्यांनी कायद्यातच लिहून टाकलं आहे. अमेरिकेच्या कायद्यातली तरतूद तर हेरकथेत शोभावी अशी आहे. राष्ट्रीय सुरक्षेसाठी किंवा गुप्तहेर खात्यासाठी असामान्य काम केलेल्या परदेशी व्यक्तींना नेहमीच्या अटी बाजूला ठेवून नागरिक करून घेता येतं, मात्र वर्षाला पाचच. ते पाच कोण, हे अर्थातच वर्तमानपत्रात छापून येत नाही.

वरकरणी ही सगळी व्यवस्था थोरांच्या सन्मानासाठी आहे. तिचा इतिहास चाळला की वेगळंच काही दिसतं. त्या क्षणी देशाला ज्याची निकड असते, मग ते पदक असो, पैसा असो, सैनिक असो की नुसताच अभिमानाचा एक दिवस असो, ते देणाऱ्याची सेवा ‘असामान्य’ ठरते. आणि नेहमीचा रस्ता जितका लांब आणि खडतर, तितकी या अपवादाची बातमी मोठी.

भारतातलं अलीकडचं ठळक उदाहरण अदनान सामी यांचं. २००१ मध्ये ते पाहुण्याच्या व्हिसावर भारतात आले आणि मुंबईत स्थिरावले. २०१५ मध्ये त्यांच्या पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली. पाकिस्ताननं तो नवा करून दिला नाही. मग मानवतेच्या मुद्द्यावर भारतात राहू देण्याची विनंती झाली, ती मान्य झाली आणि १ जानेवारी २०१६ पासून ते भारतीय नागरिक झाले. गृहखात्यानं त्यांचं प्रकरण सहाव्या कलमातल्या याच कलासेवेच्या वाक्याखाली विचारात घेतलं होतं. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मनसेनं तिला विरोध केला. ज्यांचे वडील पाकिस्तानी हवाई दलात होते त्यांना हा किताब कशासाठी, असाही सूर देशभर निघाला. कायद्याच्या दृष्टीनं चार वर्षांपूर्वीच निकालात निघालेला प्रश्न लोकांच्या मनात अजून निकालात निघालेला नव्हता.

याच्या उलट जे. बी. एस. हॉल्डेन. जनुकशास्त्राला गणिताची बैठक देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी हे एक. सुएझ कालव्यावरून ब्रिटननं केलेल्या आक्रमणाचा निषेध करत त्यांनी १९५७ मध्ये लंडन सोडलं आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते रुजू झाले. १९६१ मध्ये ते भारतीय नागरिक झाले, पुढे भुवनेश्वरला गेले आणि १९६४ मध्ये तिथेच वारले. इथे सेवा आधी झाली होती, तीही जगाची. नागरिकत्व मागून आलं. व्हेरियर एल्विन यांचंही तसंच. इंग्लंडहून १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले ते धर्मकार्यासाठी. गांधीजींच्या सहवासात बदलले, मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये राहिले आणि १९५४ मध्ये, म्हणजे आजचा कायदा होण्याच्याही आधी, भारतीय झाले. बेल्जियममध्ये जन्मलेले अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ १९७९ मध्ये भारतात आले. भारतीय नागरिकत्व त्यांच्या हाती पडलं २००२ मध्ये.

महाराष्ट्राला तर अशा माणसांची खाण लाभलेली आहे. मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेवर प्रबंध लिहायला इथे आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, श्रमिक मुक्ती दलाच्या मोर्चांत चालल्या. १९८३ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांनी देह ठेवला. फलटणला मॅक्सीन बर्नसन, म्हणजे तिथल्या मुलांच्या मॅक्सीन मावशी, मराठीच्या बोलींचा अभ्यास करायला आल्या. मुलं वाचायला नेमकी कशी शिकतात या प्रश्नात त्या गुंतल्या, शाळा काढली आणि भारतीय झाल्या. या बायकांचं काम तत्त्वज्ञान, साहित्य, मानवी प्रगती यांतल्या कुठल्याही खान्यात सहज बसलं असतं. तरी ‘असामान्य सेवा’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे त्या येत नाहीत, गायक-नट येतात. हा दोष कायद्याचा नाही, प्रसिद्धीचा आहे.

नटांचा विषय निघालाच आहे तर अक्षयकुमार यांच्या कॅनडाच्या नागरिकत्वावरून झालेला गदारोळ आठवतो. कॅनडाच्या कायद्यातही ‘असामान्य मोलाच्या सेवे’बद्दल वास्तव्याची अट वगळण्याचा अधिकार सरकारला आहे. आपल्या पक्षाच्या सरकारनं अशा एका फारशा माहीत नसलेल्या तरतुदीचा आधार घेतला होता, असं कॅनडाचे माजी मंत्री टोनी क्लेमेंट यांनी २०१९ मध्ये सांगितलं. त्या देशाला हवं होतं ते हिंदी सिनेमातल्या ताऱ्याचं वलय. आपण पुन्हा भारतीय झाल्याचं अक्षयकुमार यांनी २०२३च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर केलं.

युरोपात ही पुस्ती गाजली ती वेगळ्याच माणसांमुळे. ९ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमधल्या ज्यू वस्तूंच्या एका सुपरमार्केटमध्ये बंदूकधारी घुसला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या लासाना बाथिली या मालीच्या मुस्लिम तरुणानं गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतखोलीत लपवलं, स्वतः मालाच्या लिफ्टमधून बाहेर पडला आणि पोलिसांना आतला नकाशा समजावून दिला. त्याआधी पोलिसांनी त्यालाच हल्लेखोराचा साथीदार समजून दीडेक तास बेड्या घालून ठेवलं होतं. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज आदल्या जुलैपासून पडून होता. या प्रकारानंतर तो अकरा दिवसांत निकाली निघाला. तीन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, मालीच्याच मामुदू गासामानं चौथ्या मजल्याच्या गॅलरीला लटकलेलं मूल वाचवण्यासाठी एकेका गॅलरीचा कठडा धरत अर्ध्या मिनिटात इमारत सर केली. चित्रफीत जगभर फिरली. दोन दिवसांत राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी त्याला एलिझे प्रासादात बोलावलं, सप्टेंबरमध्ये तो फ्रेंच नागरिक झाला, अग्निशमन दलात त्याला काम मिळालं. गासामा लिबिया आणि इटलीमार्गे विनाकागद आलेला होता. त्याच वसंतात फ्रान्सच्या संसदेत आश्रयाचे नियम कडक करणारं विधेयक चर्चेत होतं, आणि हा अपवाद आहे, धोरण नव्हे, हे माक्रों यांनी तेव्हाच स्पष्ट करून टाकलं.

गॅलरीवर चढण्याइतकं जमलं नाही तर? इटलीत हा प्रश्न अधिक टोकदारपणे पुढे आला. मार्च २०१९ मध्ये मिलानजवळ एका चालकानं ५१ शाळकरी मुलांनी भरलेली बस पळवली आणि पेटवून देण्याची धमकी दिली. मुलांचे मोबाइल काढून घेतले होते. एका मुलानं आपला फोन लपवून ठेवला आणि हळूच पोलिसांना कळवलं. सगळी मुलं बचावली. मग उघडकीस आलं की हा मुलगा इटलीतच जन्मलेला असूनही इटालियन नाही. आई-वडील इजिप्तचे, तिथल्या कायद्यानुसार परदेशी पालकांच्या मुलाला अठरा वर्षांचा होईपर्यंत थांबावं लागतं. गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी काही महिन्यांपूर्वीच नागरिकत्वाचे नियम आवळले होते. सुरुवातीला त्यांनी खळखळ केली, अखेर विशेष सेवेच्या कलमाखाली त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला नागरिकत्व मिळालं. त्याच बसमध्ये परदेशी आईबापांची आणखीही मुलं होती. त्यांच्या हाती फोन लागला नाही, म्हणून ती रांगेतच राहिली. ही रांग आखूड करून दहा वर्षांच्या वास्तव्याऐवजी पाच वर्षांची अट आणावी, यासाठी जून २०२५ मध्ये इटलीत सार्वमत झालं. पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत आणि ते बाद ठरलं.

करोनाच्या काळात फ्रान्सनं मात्र या कलमाचा अर्थ बराच ताणून पाहिला, आणि या साऱ्या आढाव्यात सरकारी शहाणपणाचं सर्वांत चांगलं उदाहरण शोधायचं तर ते हेच. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं जाहीर केलं की साथीत आघाडीवर राबलेल्या परदेशी लोकांचे अर्ज लवकर निकाली काढले जातील आणि पाच वर्षांच्या वास्तव्याऐवजी दोन वर्षं पुरतील. त्यात डॉक्टर-नर्स होतेच, पण दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाया, सफाई कामगार, मुलं सांभाळणाऱ्या दाया, सुरक्षारक्षकही होते. वर्षभरात बारा हजारांहून अधिक लोक या वाटेनं फ्रेंच झाले. त्यांची चित्रफीत कुणी काढली नव्हती.

खेळात सगळं उघडंवाघडं असतं, कारण तिथे निकड तारखेसकट ठरलेली असते. १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेवर ऑलिंपिकबंदी होती आणि ब्लूमफाँटेनची सतरा वर्षांची झोला बड अनवाणी धावून विक्रम मोडत होती. तिचे आजोबा ब्रिटिश असल्याचा धागा पकडून एका ब्रिटिश दैनिकानं मोहीम उघडली आणि साधारण दोन आठवड्यांत तिच्या हाती ब्रिटिश नागरिकत्व आलं. इतरांना यासाठी वर्षं लागत. लॉस एंजेलिसमध्ये मेरी डेकरशी धडक झाली आणि झोला सातवी आली. कतारनं तर पुढे ठोक खरेदीच केली. बल्गेरियाचे वेटलिफ्टर आणले, नावं बदलली. अँजेल पोपोव्हचा सईद सैफ असाद झाला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यानं कतारला कांस्यपदक मिळवून दिलं. केनियाचा स्टीफन चेरोनो २००३ मध्ये सैफ सईद शाहीन झाला आणि त्याच वर्षी स्टीपलचेजचा जगज्जेता ठरला. त्याच शर्यतीत केनियाकडून धावलेल्या सख्ख्या भावानं त्याचं अभिनंदन करायचं टाळलं. अखेर जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं २०१७ मध्ये असले बदल गोठवले आणि नंतर तीन वर्षांच्या प्रतीक्षेची अट घातली.

क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला फवाद अहमद आठवत असेल. पाकिस्तानातून आलेला हा लेगस्पिनर ऑस्ट्रेलियात आश्रय मागत होता. त्याचा आधीचा अर्ज फेटाळलाही गेला होता. २०१३ मध्ये अ‍ॅशेस मालिका तोंडावर आली, शेन वॉर्नची जागा भरून निघत नव्हती, आणि ऑस्ट्रेलियन संसदेनं नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती करून वास्तव्याची अट सैल केली. जुलैमध्ये फवाद ऑस्ट्रेलियन झाला. संघाच्या शर्टावर बिअर कंपनीचं चिन्ह होतं. धर्माच्या कारणावरून त्यानं ते लावायला नकार दिला आणि त्यावरूनही वाद झाला. शेवटी तीन एकदिवसीय आणि दोन टी-ट्वेंटी सामने त्याच्या वाट्याला आले. कसोटी एकही नाही.

भारतानं मात्र याबाबत ताठर पवित्रा घेतला आहे. राष्ट्रीय संघात भारतीय पासपोर्टशिवाय जागा नाही आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाहीच. पुणे एफसीचा मधल्या फळीतला फुटबॉलपटू इझुमी अराता जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. २०१२ मध्ये त्यानं जपानी पासपोर्ट सोडला, भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. फुटबॉलच्या जागतिक क्रमवारीत कितीतरी वरच्या देशाचं नागरिकत्व सोडून त्यानं खालच्या देशाचं घेतलं, याची आपल्याकडे म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही.

आणि यानिस अँतेतोकूम्पो. १९९४ मध्ये अथेन्समध्ये जन्म, आई-वडील नायजेरियाचे, त्यामुळे ग्रीक नाही आणि नायजेरियन कागदही नाहीत. भावाबरोबर रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकत तो मोठा झाला. स्थलांतरितांच्या मुलांना नागरिकत्वाचा मार्ग देणारा कायदा ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २०१३ मध्ये रद्द ठरवला. त्याच वर्षी मे महिन्यात, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या खेळाडूंच्या निवडीला दीडेक महिना उरला असताना, यानिसला ग्रीक नागरिकत्व मिळालं. पुढे तो दोनदा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अथेन्सच्या त्याच गल्ल्यांत वाढलेल्या, पण इतकी उंची न लाभलेल्या मुलांसाठी नवा कायदा यायला २०१५ उजाडलं.

रक्ताच्या बदल्यात नागरिकत्व हा सौदा सर्वांत जुना. रोमन साम्राज्यात परकीय सैनिकांनी साहाय्यक पलटणींत पंचवीस वर्षं काढली की त्यांना नागरिकत्वाचा पुरावा म्हणून काशाचे पत्रे मिळत. ते आजही युरोपभर उत्खननांत निघतात. फ्रान्सच्या परकीय सैन्यदलातल्या शिपायाला लढाईत जखम झाली तर, १९९९च्या कायद्याप्रमाणे, त्याला तेवढ्या बळावर फ्रेंच नागरिकत्व मागता येतं.

पण गणवेश पुरतोच असं नाही. भगतसिंग थिंद हे पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये, अंगावर तोच गणवेश असताना, त्यांना वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० मध्ये ऑरेगॉनमध्ये पुन्हा मिळालं. सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२३ मध्ये निकाल लागला की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, म्हणून तो अमेरिकी होऊ शकत नाही. त्या निकालाच्या आधारे इतर अनेक हिंदी लोकांचं नागरिकत्वही हिरावलं गेलं. महायुद्धातल्या सैनिकांना वर्णाची अट माफ करणारा कायदा १९३५ मध्ये आला, तेव्हा कुठे १९३६ मध्ये थिंद तिसऱ्यांदा आणि कायमचे अमेरिकी झाले. गुरख्यांची कथा याहून फार वेगळी नाही. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात मोगाऊंगच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे तुलबहादूर पुन म्हातारपणी उपचारांसाठी ब्रिटनला जाऊ पाहत होते, तर २००७ मध्ये त्यांना आधी व्हिसाच नाकारला. कारण दिलं की ब्रिटनशी त्यांचे घट्ट संबंध असल्याचं सिद्ध होत नाही! बोभाटा झाल्यावर तो निर्णय फिरवला गेला. नटी जोआना लम्ली यांच्या आंदोलनानंतर २००९ मध्ये निवृत्त गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क मिळाला.

स्पेनची गोष्ट नागपूरपर्यंत पोचते. १९३६ ते ३९ या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढायला देशोदेशींचे हजारो स्वयंसेवक आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये गेले. त्यांत नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे हे पहिले सरकार्यवाह पुढे लंडनला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ या नावानं ब्रिटिश तुकडीतून लढायला स्पेनमध्ये उतरले. १९३८ मध्ये फ्रँकोच्या फौजेनं त्यांना पकडलं, सान पेद्रो दे कार्देन्याच्या मठातल्या बंदीछावणीत ते राहिले, सुटून नागपूरला परतले आणि कम्युनिस्ट झाले. ब्रिगेडचे सैनिक स्पेन सोडून निघाले तेव्हा, तुम्ही आमचेच, परत या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. तो शब्द पाळायला १९९६ साल उजाडलं. तेव्हाच्या फर्मानात मूळ नागरिकत्व सोडण्याची मेख होती, ती २००७च्या कायद्यानं काढली. २००९ मध्ये लंडनच्या स्पॅनिश वकिलातीत सात ब्रिटिश-आयरिश वृद्धांना पासपोर्ट मिळाले. हुद्दार तोवर हयात नव्हते.

कलावंतांच्या बाबतीत सरकारं उदार असतात आणि फसतातही. नाझींनी नागरिकत्व काढून घेतलेल्या बेर्टोल्ट ब्रेख्तला १९५० मध्ये ऑस्ट्रियानं आपलं म्हटलं. संगीतकार गॉटफ्रीड फॉन आयनेम यांना तो साल्झबुर्ग महोत्सवासाठी हवा होता. ब्रेख्तनं पासपोर्ट घेतला आणि मुक्काम पूर्व बर्लिनमध्ये ठेवला. १९५१ मध्ये हे फुटल्यावर शीतयुद्धाच्या हवेत असा भडका उडाला की फॉन आयनेम यांना महोत्सवाच्या संचालक मंडळावरून जावं लागलं. त्याच ऑस्ट्रियानं २००६ मध्ये रशियन गायिका आना नेत्रेब्को यांना नागरिकत्व दिलं, तेही रशियन पासपोर्ट राखून. सामान्य अर्जदाराला अशी मुभा क्वचितच मिळते. या मुभेला पुढे गिऱ्हाइकंही भेटली. कॅरिंथिया प्रांतातले नेते ऊवे शॉइख यांनी एका रशियन गुंतवणूकदाराच्या नागरिकत्वाच्या बदल्यात पक्षासाठी देणगी मागितल्याचं संभाषण बाहेर आलं. त्यात ते म्हणत होते की हा तर खेळाचाच भाग आहे. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं.

शॉइख यांनी जे दबक्या आवाजात केलं, त्याचं माल्टानं दरपत्रक छापलं. २०१४ मध्ये सुरू केलेली नागरिकत्वविक्री टीकेची धनी झाल्यावर २०२० मध्ये तिचं नाव बदलून ‘थेट गुंतवणुकीद्वारे असामान्य सेवा’ असं ठेवण्यात आलं. तीन वर्षं थांबलात तर सहा लाख युरो, एकाच वर्षात हवं असेल तर साडेसात लाख. शिवाय महागडं घर आणि दहा हजारांची देणगी. या पासपोर्टनं युरोपीय संघातल्या सगळ्या देशांचे दरवाजे उघडत असल्यानं युरोपीय आयोग न्यायालयात गेला. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयानं ठरवलं की नागरिकत्वाचा असा व्यवहार संघाच्या कायद्यात बसत नाही. काही महिन्यांत माल्टानं कायदा बदलून गुंतवणुकीची वाट काढून टाकली आणि गुणवत्तेची ठेवली. पैसा ही सेवा आहे का, या प्रश्नावर प्राचीन अथेन्सला मात्र संकोच नव्हता. पासिओन हा गुलाम म्हणून आलेला पेढीवाला. त्यानं नगराला हजार ढाली आणि युद्धनौका दिल्या आणि तो अथेन्सचा नागरिक झाला. फरक इतकाच की पासिओन अथेन्समध्येच राहत होता. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातले आरोपी, मुंबईचे हिरेव्यापारी मेहुल चोक्सी यांनी २०१७ मध्ये गुंतवणुकीच्या योजनेतून अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि जानेवारी २०१८ मध्ये, घोटाळा फुटायच्या जरा आधी, भारत सोडला.

मेहरबानीनं मिळालेलं मेहरबानीवरच टिकतं. कॅनडानं म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची यांना २००७ मध्ये दिलेलं मानद नागरिकत्व रोहिंग्यांच्या प्रश्नावरून २०१८ मध्ये संसदेत ठराव करून काढून घेतलं. ते नाममात्र होतं, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. अमेरिकी स्वातंत्र्याची बाजू लिहून मांडणारे टॉमस पेन यांचं मात्र बिघडलं. २६ ऑगस्ट १७९२ रोजी क्रांतिकारी फ्रान्सनं वॉशिंग्टन, बेंथम, शिलर, पेस्टालोझी अशा परदेशी थोरांना एका झटक्यात नागरिक केलं, त्यांत पेन होते आणि स्वतःला मानवजातीचा वक्ता म्हणवणारे प्रशियाचे आनाखार्सिस क्लूट्सही. शिलरच्या नावाचा फ्रेंचांनी इतका विचका केला की त्यांचं प्रमाणपत्र त्यांच्या हाती पडायला १७९८ उजाडलं. पेन आणि क्लूट्स फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेले. पेन यांनी राजाला देहदंड देऊ नये असं मत मांडलं. १७९३ च्या डिसेंबरात परदेशी जन्माच्या सभासदांना सभेतून काढण्यात आलं आणि दोघेही गजाआड गेले. क्लूट्स यांचं मुंडकं तीन महिन्यांत गिलोटिनखाली उडालं. पेन वाचले, कारण नवे अमेरिकी राजदूत जेम्स मन्रो यांनी हा आमचा नागरिक आहे असा दावा लावला.

कुवेतमध्ये आज हेच मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. देशासाठी थोर सेवा केलेल्यांना नागरिकत्व देण्याची सोय तिथल्या १९५९च्या कायद्यात होती. मे २०२४ मध्ये अमिरांनी संसद गुंडाळली आणि त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्व रद्द होत गेलं. त्यांत सर्वाधिक भरणा कुवेती पुरुषांशी लग्न करून नागरिक झालेल्या बायकांचा, पण थोर सेवेच्या वर्गावरही कुऱ्हाड चालली. डिसेंबर २०२४ मध्ये नागरिकत्व गमावलेल्यांत आखाती देशांत घरोघरी ऐकली जाणारी गायिका नवाल आणि विनोदी नट दाऊद हुसेन होते. कुवेत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अनेकांनी कुवेती होताना आपला मूळ पासपोर्ट कधीच परत केलेला होता. तक्रारी ऐकण्यासाठी सरकारनं एक समिती नेमली आहे. न्यायालयात जाण्याचा मार्ग मात्र त्यांना नाही. नागरिकत्वाचे निर्णय तिथे सार्वभौम सत्तेचा विषय मानले जातात.